पोपटाला अंघोळ घालू नका, करू द्या

प्रतिनिधी

उन्हाळ्याच्या सुटीतील रविवार. पारा चढलेला. गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्यालाही उकडत असेल, या कळवळ्याने घरातील कोणीतरी तांब्याभर पाणी आणते आणि पिंजऱ्यावरून थेट ओतते. पक्षी किंचाळतो, पंख आपटत जाळीवर आदळतो, दोन-चार पिसे खाली पडतात. पुढे कित्येक दिवस तो तांब्या नुसता दिसला तरी तो पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. 'आमच्या मिठूला पाण्याचे वावडे आहे' असा निष्कर्ष मग घरात रुजतो आणि पक्ष्याची अंघोळ कायमची बंद होते.

वस्तुतः पाण्याचेच वावडे असलेला पोपट विरळाच. त्याला वावडे असते ते पाणी ज्या रीतीने अंगावर येते त्या रीतीचे. हा फरक लक्षात घेतला, तर वर्षानुवर्षे पाण्याला घाबरणारा पक्षीही काही आठवड्यांत स्वतःहून पाण्यात उतरू शकतो. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. गरज असते ती थोड्या निरीक्षणाची आणि पुष्कळ संयमाची.

कोणता पोपट घरात आहे?

अंघोळीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे झाडांवर थव्याने दिसणारा, गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ असलेला हिरवा पोपट, त्याच्याहून मोठा पहाडी पोपट, जांभळट-लाल डोक्याचा पोपट हे सारे भारतीय पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आजोळच्या ओसरीवर राघूचा पिंजरा पाहिलेल्या अनेकांना याची कल्पनाही नसते. असा पक्षी घरात असेल तर त्याला परस्पर उडवून देऊ नये; पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर फार काळ तग धरत नाही. वन विभागाशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग होय.

शहरांतील घरांमध्ये पाळले जातात ते बहुधा परदेशी वंशाचे पक्षी : बजरीगर (ज्याला आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हटले जाते), डोक्यावर तुरा असलेला कॉकॅटिल, खरा लव्हबर्ड, कोन्युर आणि करड्या रंगाचा आफ्रिकन ग्रे. यांपैकी आफ्रिकन ग्रेसारख्या ज्या जाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंदणी करणे मालकावर बंधनकारक आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. बजरीगर व कॉकॅटिल या जाती त्या परिशिष्टांत नाहीत. या लेखातील विवेचन अशा कायदेशीररीत्या पाळलेल्या पक्ष्यांविषयी आहे.

अंघोळ कशासाठी?

पक्ष्याचे पीस ही विलक्षण रचना आहे. मधल्या दांड्यातून दोन्ही बाजूंना तंतू फुटतात. त्या तंतूंना त्याहून बारीक उपतंतू असतात आणि उपतंतूंना सूक्ष्म आकडे. हे आकडे एकमेकांत अडकले की पिसाचा सलग पडदा तयार होतो. कपड्याची चेन लावावी तसा हा प्रकार. धुळीने, कोंड्याने किंवा तेलकटपणाने हे आकडे सुटले की चेन उसवते. मग पिसांखाली हवेचा उबदार थर टिकत नाही आणि उडण्यातही बाधा येते. पक्षी दिवसभर चोचीने पिसे सारखी करताना दिसतो, तेव्हा तो ही उसवलेली चेन पुन्हा लावत असतो. अंघोळ हे त्या कामातील पहिले पाऊल आहे. अंग ओले झाले की धूळ सुटते, पिसे मऊ पडतात आणि पक्षी उत्साहाने ती विंचरू लागतो.

पिसे झडण्याच्या काळात तर अंघोळीचे महत्त्व अधिकच. नवे पीस केराटिनच्या आवरणात गुंडाळलेले असते. डोक्यावर, मानेवर पांढुरके काटे उगवल्यासारखे ते दिसते. हे आवरण सुटताना कातडीला खाज येते. ओलाव्याने ते मऊ पडते व सहज निघते.

सगळ्या पोपटांची गरज मात्र सारखी नसते. कॉकॅटिल, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर विशिष्ट प्रकारची पिसे असतात. त्यांची टोके झिजून पिठासारखी पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी पिसांचे रक्षण करते, परंतु ती घरभर पसरते. काळ्या टीव्हीवर दिसणारा पांढरा थर याच भुकटीचा. पक्ष्यांच्या पिसांतील व विष्ठेतील कण वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास काही व्यक्तींना फुप्फुसाचा गंभीर विकार जडू शकतो. कबुतरांच्या संदर्भात मुंबई-पुण्यात याची चर्चा बरीच झाली आहे. घरातील पोपटांच्या बाबतीतही धोका तोच. त्यामुळे नियमित अंघोळ पक्ष्याइतकीच घरातील माणसांच्याही हिताची ठरते. ॲमेझॉन पोपटांना अशी भुकटी फारशी नसते आणि शेपटीच्या मुळाशी असणारी तेलग्रंथीही नसते. ते मुळातच पावसाळी अरण्यांतले. भरपूर भिजण्यात त्यांना आनंद वाटतो.

भीती येते कुठून?

पोपट हा शिकारी पक्षी नाही, तो शिकार होणारा पक्षी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात ते चहूबाजूंनी येणारे संकट दिसावे म्हणून. वरून अचानक काही झेपावले तर तो ससाणा असू शकतो, ही जाणीव त्याच्या रक्तात आहे. अशा पक्ष्यावर वरून तांब्या उलटा झाला तर त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करता येईल. त्यात ओले पंख जड होतात आणि उडून निसटणे कठीण होते. पिंजऱ्यात तर निसटायला जागाच नसते.

दुसरे कारण संगोपनाचे. पैदास केंद्रातील अनेक पिल्ले आई-बापांपासून लवकर दूर करून हाताने भरवली जातात. मोठ्या पक्ष्यांना पाण्यात खेळताना त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. पाण्याची वाटी ही पिण्याची वस्तू, एवढेच त्यांना ठाऊक असते.

तिसरे कारण आपण स्वतः निर्माण करतो. पक्षी ओरडू लागला की गप्प करण्यासाठी त्याच्यावर पाण्याचा फवारा मारण्याची सवय काही घरांत आढळते. यातून पक्षी शांत होणे शिकत नाही. पाणी म्हणजे शिक्षा, आणि बाटली हाती धरणारा माणूस म्हणजे संकट, एवढे मात्र तो शिकतो.

'दोन-चारदा जबरदस्तीने भिजवले की सवय होईल' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. जबरदस्तीने भिजवलेला पक्षी काही वेळा खरोखरच शांत बसतो. परंतु सुटका नाही हे कळल्यामुळे आलेली ती शांतता असते. तिला संमती समजू नये. पक्ष्याचा माणसावरील विश्वास अशा वेळी तुटतो आणि तो पुन्हा जोडण्यास महिनोन्‌महिने लागतात.

आवड ओळखा

प्रत्येक पक्ष्याची अंघोळीची तऱ्हा निराळी असते. ती शोधून काढणे हे मालकाचे पहिले काम.

ओला पाला : बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला पक्षी. खोल पाण्यापेक्षा ओल्या गवतात अंग घुसळणे त्याला आवडते. कोथिंबीर, मेथी किंवा पालकाची जुडी स्वच्छ धुऊन, पाणी न झटकता पिंजऱ्यात टांगावी. आधी तो पाला कुरतडेल, मग हळूच त्याला अंग घासू लागेल. पाण्याला अतिशय घाबरणाऱ्या लहान पक्ष्यांसाठी सुरुवात इथूनच करावी.

पसरट भांडे : मातीचे परळ किंवा जड, उथळ बशी उत्तम. स्टीलचे ताट गुळगुळीत असल्याने पाय घसरतात, शिवाय चकाकीला काही पक्षी बुजतात. बजरीगरासाठी दीड-दोन सेंटिमीटर पाणी पुरते. मोठ्या पक्ष्यांसाठीही पाणी पोटाच्या खाली राहील आणि पाय तळाला घट्ट टेकतील इतकेच असावे.

तुषार : कॉकॅटिल व आफ्रिकन ग्रे यांना अनेकदा भांड्यापेक्षा हलके तुषार रुचतात. झाडांवर पाणी मारण्याची बाटली यासाठी चालते, पण ती नवी असावी. पूर्वी फिनाइल, काचा पुसण्याचे द्रव्य किंवा कीटकनाशक भरलेली बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. धार बारीक धुक्यासारखी करावी, दोन-तीन फुटांवरून पक्ष्याच्या डोक्याच्या वर हवेत उडवावी आणि तुषार पावसासारखे खाली येऊ द्यावेत. चेहऱ्यावर थेट मारू नयेत.

नळाची धार : काही पक्ष्यांना नळाच्या वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूनच अंघोळीची लहर येते. मालकाच्या हातावर बसून बेसिनच्या नळाखाली डोके घालणारे पोपट अनेक घरांत आढळतात. धार करंगळीएवढी बारीक असावी आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण बंद असल्याची खात्री करावी.

टप्प्याटप्प्याने ओळख

पद्धत ठरली की ओळख करून देण्याचे काम सावकाश सुरू करावे. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील हे पक्षी ठरवतो, कॅलेंडर नव्हे. काही पक्षी चार दिवसांत पाण्यात उतरतात, काहींना दोन महिने लागतात.

प्रथम रिकामे भांडे पिंजऱ्यापासून काही अंतरावर, पक्ष्याला दिसेल असे ठेवावे. पक्षी त्याकडे पाहूनही निवांतपणे दाणे टिपत असेल तर दुसऱ्या दिवशी ते थोडे जवळ आणावे. भांडे पाहून तो मागे सरकला तर आपण घाई केली असे समजावे आणि पुन्हा आधीच्या अंतरावर जावे. या काळात भांडे दिसले की काहीतरी चांगले मिळते, अशी सांगड घालावी. राळ्याचे किंवा बाजरीचे कणीस, एखादा सूर्यफुलाचा दाणा असा आवडीचा खाऊ याच वेळी द्यावा, एरवी नाही.

भांडे ओळखीचे झाले की ते पिंजऱ्यात किंवा पक्षी बाहेर खेळत असेल त्या टेबलावर ठेवावे. त्यात जेमतेम तळ झाकेल इतके पाणी आणि वर मेथीची दोन पाने. पक्षी काठावर बसून पान ओढेल, चोच बुडवेल, एक पाय टाकून पाहील. यातील प्रत्येक कृतीचे कौतुक व्हावे. आपण स्वतः बोटांनी पाणी हलकेच उडवून खेळत राहावे. पोपट हा थव्यात राहणारा पक्षी असल्याने थव्यातील दुसरा काय करतो आहे, याकडे त्याचे बारीक लक्ष असते. आणि घरातला थवा म्हणजे आपणच. घरात दुसरा पक्षी असून तो आनंदाने अंघोळ करत असेल, तर घाबरटाला शेजारच्या पिंजऱ्यातून ते पाहू द्यावे.

तुषारांच्या बाबतीतही क्रम हाच. बाटली प्रथम नुसती टेबलावर दिसू द्यावी. मग ती हातात धरून दूरच्या कुंडीवर फवारा मारावा, म्हणजे 'फुस्स' हा आवाज ओळखीचा होईल. नंतर आपल्याच हातावर. पक्षी निर्धास्त राहिला तर त्याच्या वर, थोडे बाजूला, एकच फवारा. पहिल्या दिवशी एका फवाऱ्यावर थांबण्यातच शहाणपण आहे. आणखी हवे असताना थांबलेला खेळ उद्या पुन्हा खेळावासा वाटतो.

त्याची भाषा वाचा

पोपट बोलतो ते शब्द आपण कौतुकाने ऐकतो, पण अंगाने तो जे बोलतो त्याकडे दुर्लक्ष करतो. पिसे फुलवणे, पंख अंगापासून सैल सोडून पसरणे, शेपटीचा पंखा करणे, मान खाली घालून पाण्यात बुडवल्यासारखी हालचाल करणे या होकाराच्या खुणा आहेत. काही पक्षी तर दांडीवरून उलटे लटकून पंख पसरतात.

याउलट पिसे अंगाला घट्ट चिकटवून बारीक होणे, मान ताठ करून एकटक पाहणे, दूर सरकणे, चोच उघडून फुत्कारणे, पिंजऱ्याच्या जाळीवर धडपडणे या नकाराच्या खुणा. कॉकॅटिलचा तुरा पाण्याच्या वेळी एकदम ताठ उभा राहिला किंवा फुत्कारासह डोक्याला चपटा चिकटला, तर तो घाबरला आहे असे समजावे. नकाराची पहिली खूण दिसताच थांबावे. आपण 'नाही' म्हटले की हा माणूस थांबतो, हे कळलेला पक्षी पुढच्या वेळी अधिक धीट असतो.

पाणी, वेळ आणि घर

पाणी साधे, पिण्यायोग्य आणि साध्या तापमानाचे असावे. पुणे-नाशिकच्या थंडीत ते किंचित कोमट करण्यास हरकत नाही; फ्रिजमधले पाणी कधीही नको. साबण, शाम्पू, डेटॉल, हळद, कडुलिंबाचा काढा यांपैकी काहीही त्यात घालू नये. साबणाने पिसांवरील नैसर्गिक आवरण निघून जाते, आणि पिसे विंचरताना हे सारे पदार्थ पक्ष्याच्या पोटात जातात. पिसे चमकावीत म्हणून खोबरेल तेल लावणे तर सर्वांत वाईट. तेलाने पिसे चिकटतात आणि ऊब धरण्याची त्यांची क्षमताच संपते.

वेळ सकाळची किंवा दुपारपूर्वीची निवडावी. झोपण्यापूर्वी पक्षी पूर्ण कोरडा झालेला असला पाहिजे. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा अधिक असते आणि ओल्या अंगाने गारठ्यात राहिल्यास ते झपाट्याने उतरू शकते. अंघोळीनंतर किंचित थरथरणे स्वाभाविक आहे. ते बराच वेळ थांबले नाही तर पक्ष्याला उबदार जागी न्यावे.

आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळीची संधी द्यावी. कडक उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, किंवा वातानुकूलित खोलीत राहणाऱ्या पक्ष्याला ती रोज दिली तरी चालते. मुंबई-कोकणातील पावसाळी दमट दिवसांत ओली पिसे लवकर वाळत नाहीत, हे ध्यानात ठेवून प्रमाण कमी करावे.

आपल्या घरांतील सर्वांत मोठा धोका म्हणजे छताचा पंखा. अंघोळीपूर्वी पंखा बंद, वातानुकूलन यंत्र बंद आणि खिडक्या-दारे बंद हा नियम घरातील लहान-थोर सर्वांनी पाळावा. ओल्या अंगाने अडखळत उडालेला पक्षी पंख्याच्या पात्यात किंवा गॅसवरील उकळत्या भांड्यात सापडू शकतो. गॅलरीत अंघोळ करू द्यायची असेल तर ती पिंजऱ्यातच, आणि कोणीतरी शेजारी उभे राहून. कावळे, घारी आणि मांजरे ओल्या पक्ष्यावर टपलेलीच असतात.

केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. काही यंत्रांतील तापणाऱ्या भागांना नॉनस्टिक तव्यासारखे लेपन असते. ते तापल्यावर निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. अंघोळ संपताच भांडे उचलून घासून ठेवावे. विष्ठा पडलेले तेच पाणी पक्षी पिऊ लागतो आणि आजारांना निमंत्रण मिळते. पिण्याच्या पाण्याची वाटी वेगळीच असावी.

अंघोळ केव्हा नको?

पक्षी दिवसा पिसे फुगवून डोळे मिटून बसत असेल, श्वासासोबत शेपटी वर-खाली हलत असेल, नाकातून पाणी येत असेल, खाणे कमी झाले असेल, तर तो आजारी आहे. अशा वेळी अंघोळ नाही, पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य हवा. पिसे न फुटलेल्या पिल्लांना भिजवू नये.

पक्षी स्वतःची पिसे उपटत असेल तर अंघोळीने खाज काहीशी कमी होते हे खरे. परंतु पिसे उपटण्यामागे एकटेपणा, कंटाळा, निकृष्ट आहार, यकृताचे विकार असे कितीतरी कारणांचे जाळे असते. अंगावर किडे दिसल्यास औषधाच्या पाण्याने परस्पर अंघोळ घालण्याचे प्रयोगही टाळावेत.

उष्माघाताची शंका असेल, म्हणजे पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून दूर धरून बसला असेल, तर लेखाच्या आरंभी वर्णिलेला तांब्या उपयोगाचा नाही. गार पाण्याच्या अचानक धक्क्याने प्रकृती अधिक बिघडू शकते. पक्ष्याला ताबडतोब सावलीत, हवेशीर जागी न्यावे, पायांना साधे पाणी लावावे, प्यायला पाणी पुढे ठेवावे आणि पशुवैद्याला गाठावे.

जूनच्या पहिल्या सरीत एखाद्या उंच झाडाकडे थांबून पाहावे. रानातले पोपट फांदीला उलटे लटकून, पंख पसरून, कलकलाट करत भिजत असतात. त्यांना कोणी अंघोळ घातलेली नसते. सर आवडली तर थांबायचे, नको असेल तर पानांआड सरकायचे, हे त्यांच्या हाती असते. घरातल्या पक्ष्याला आपण आभाळ देऊ शकत नाही. पाण्याजवळ यायचे की दूर राहायचे, हा निर्णय मात्र त्याच्यावर सोपवता येतो. ज्या दिवशी तो स्वतःहून परळाच्या काठावर उतरेल आणि अंग झटकून आपल्याच चष्म्यावर पाणी उडवेल, त्या दिवशी इतके आठवडे वाट पाहिल्याचे सार्थक होईल.